घरचंच नेटवर्क दिसेना

१

नेटवर्क नाहीसं झालं होतं, आणि तेही एकट्या बाब्याच्या लॅपटॉपवरून. बाकी सगळ्यांच्या फोनवर ते जागच्या जागी होतं, टीव्हीवर होतं, हॉलमधल्या कपाटावर राउटरचे हिरवे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. काल दुपारपर्यंत लॅपटॉपही मुकाट्याने चालत होता. आज सकाळी बाब्याने झाकण उघडलं तर यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची झाडून सगळी नेटवर्कं आली, घरचं तेवढं आलं नाही.

एरवी कोणी एवढा बाऊ केला नसता. पण आज दुपारी तीनला बाब्याची मुलाखत होती. तो बरीच वर्षं परदेशात नोकरीला होता, मग तिथल्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि त्याला चंबूगबाळं आवरून घरी यावं लागलं. तेव्हापासून किरकोळ कामं करत तो आतल्या खोलीत बसून होता. तिकडे परत जायची धड म्हणावी अशी ही पहिलीच संधी. मुलाखत घेणारी मंडळी त्या कंपनीच्या दुसऱ्या देशातल्या कचेरीतली, म्हणून वेळ दुपारची. मुलाखत म्हणजे नुसत्या गप्पा नव्हत्या, स्वतःच्या मशीनवर काम करून दाखवायचं होतं, त्यामुळे फोनवर भागणार नव्हतं.

तरीही एवढ्यासाठी आत्या धावत आली नसती. तिला धावायला लावलं ते वहिनीच्या, म्हणजे बाब्याच्या आईच्या, फोनने. वहिनी कुजबुजत म्हणाली, "वन्सं, आहात तशा या. बाब्या सूनबाईला म्हणतोय, तूच केलंस. आणि तिने बॅग भरलीय."

आत्याला घरात सगळे भिंगरी म्हणत. बसायला खुर्ची दिली तरी ती तिच्याभोवती फिरायची. जन्मभर तिने विमा कंपनीत खोटे दावे पकडायचं काम केलं होतं. जळलेली गोदामं, बुडालेला माल, चोरीला गेलेल्या आणि मग चुलतभावाच्या अंगणात सापडलेल्या गाड्या. निवृत्त झाल्यावर बाई शांत होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, ते काही झालं नाही.

आणि हे स्थळ तिनेच आणलं होतं. मोडलं असतं तर ते तिच्या अंगावर आलं असतं. खरं सांगायचं तर लोक काय म्हणतील याची तिला फिकीर नव्हती, पण ती पोरगी तिला पोटच्या मुलीसारखी आवडायची. बॅगेचं ऐकताच तिने घरातल्या चपलांवरच रिक्षा पकडली.

२

बाब्या आतल्या खोलीत टेबलाशी बसला होता. लॅपटॉपच्या झाकणावर पेंग्विनचं स्टिकर. चार्जरची पिन तिकडची, म्हणून भिंतीत एक अडाप्टर आणि त्यात दुसरा, असा मनोरा झालेला. समोर काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं सरसर पळत होती आणि त्याच्याकडे बघून बाब्याचे कान लाल झाले होते.

आत्याचा एक जुना नियम होता. ज्याचं नुकसान झालंय त्याला आधी पोटभर बोलू द्यायचं, कारण सगळ्यात जास्त चुकीचं तोच सांगतो. म्हणून ती पलंगाच्या कडेला टेकली, लगेच उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाब्या सांगत सुटला. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायचं ड्रायव्हर काढून पुन्हा घातलं. बाजूचं बटण तपासलं, विमानातला मोड तपासला. केबल लावावी तर या चपट्या लॅपटॉपला तिची जागाच नाही. फोनला वायर जोडून पाहिली, पण घरातल्या सगळ्या वायरी नुसत्या चार्जिंगच्या. मोबाइलच्या इंटरनेटचं तर नावच नको, चारी बाजूंनी उंच इमारती आणि मध्ये हे बुटकं घर, रेंज यायची ती फक्त गच्चीत, आणि तिथे भर उन्हात पडदा दिसत नव्हता.

"मग हे कोणी केलं म्हणतोस?" आत्याने विचारलं.

"राउटरचा पासवर्ड या घरात तिला एकटीलाच माहीत आहे, आत्या. आत जाऊन माझं मशीन ब्लॉक करायचं, किती वेळ लागतो? काल जेवताना म्हणाली, जाऊ नकोस. आणि सकाळी हे. आता तूच सांग."

आत्या त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मध्यरात्र दाखवत होतं. घड्याळ बिघडलंय का, असं तिने विचारलं. बाब्या मान न वळवता म्हणाला, बिघडलेलं नाही, ते तिकडचं आहे, राहू दे.

राहू दिलं. तिने पर्समधून आपला फोन काढला. फोन नवाकोरा होता आणि या घरच्या नेटवर्कला कधी जोडलेला नव्हता. तरी यादी उघडताच सगळ्यात वर घरचंच नाव आलं. म्हणजे नेटवर्क कोणी लपवलेलं नव्हतं. तिने फोन बाब्यापुढे धरला.

"बाब्या, ज्याला ब्लॉक केलं त्याला दार दिसतं. आत घेत नाहीत एवढंच. हो ना?"

"हो. नाव दिसतं, जोडू देत नाही."

"तुझ्या लॅपटॉपला तर दारच दिसत नाहीये."

बाब्याची बोटं कळफलकावर थांबली. त्याला पटलं होतं, पण सकाळपासून ज्या गोष्टीवर तो बायकोशी भांडला ती चूक आहे, हे एकदम मान्य करणं जड गेलं. तो पुटपुटला, मग तिने याहून काहीतरी भलतंच केलं असणार. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

३

आत्या तिकडे गेली नाही. चौकशी पुरी व्हायच्या आत आरोपीला भेटलं की माणूस तिच्या बाजूने तरी होतो नाहीतर विरुद्ध तरी, हे तिने फार वेळा अनुभवलं होतं. ती आधी स्वयंपाकघरात शिरली.

वहिनी कट्टा पुसत होती. स्वच्छ कट्टा पुन्हा पुन्हा पुसत होती. आत्याने नुसतं बघितलं आणि वहिनीला रडू कोसळलं. काल तिने बाब्याचा लॅपटॉप ओल्या फडक्याने पुसला होता. धूळ फार होती. त्यानेच तर काही झालं नसेल ना, आणि शिक्षा मात्र सुनेला. आणि खरं सांगायचं तर, वन्सं, तो जाऊ नये असं मलाही वाटतं, मनात आलं ते देवाने ऐकलं की काय, असं सकाळपासून वाटतंय. आत्याने तिला जवळ घेतलं. ओल्या फडक्याने मशीनला शेजारी दिसतात आणि घर दिसत नाही असं होत नसतं, असं ठणकावून सांगितलं.

मग वहिनीने डोळे पुसून आवाज खाली आणला. काल संध्याकाळी तिने एक विचित्र प्रकार पाहिला होता. सूनबाई हातात फोन उंच धरून घरभर फिरत होती. हॉल, गॅलरी, बाब्याची खोली, अगदी न्हाणीघरसुद्धा. वहिनीला वाटलं माहेरी बोलायला रेंज शोधतेय. पण तोंडातून एक शब्द नाही. शेवटी स्टुलावर चढून राउटरपाशी बराच वेळ उभी होती. हे वहिनीने बाब्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आगीत तेल.

आत्याला हे अजिबात आवडलं नाही. तिने घाईने गॅलरी गाठली. तिथे तिचा दादा, म्हणजे बाब्याचे वडील, फोनवर बुद्धिबळ खेळत होते. मुलगा जाणार, सून जाणार, घरात आकांत, आणि हे गालात हसत होते. आत्याने विचारलं, राउटरला हात लावलात का? ते म्हणाले, मी कशाला लावू.

"तुला गंमत सांगू का, भिंगरे?" दादा फोन दाखवत म्हणाले. "कित्येक महिने हा खेळ ऐन मोक्याला अडकायचा. समोरचा हत्ती हलवायचा आणि माझं चित्र गोठलेलं. काल रात्रीपासून असा सुरळीत चाललाय म्हणतेस! दोघांना धूळ चारली."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, खरंच की, टीव्हीही काल एकदा अडकला नाही.

आत्या गॅलरीत येरझाऱ्या घालत होती ती थबकली. गोदाम जळलं की ती पहिला प्रश्न विचारायची, यात फायदा कोणाचा झाला? सगळ्या नोकरीत तिने एकाचा फायदा आणि बाकीच्यांचं वाटोळं असंच पाहिलं होतं. इथे उलटं होतं. एकाचं वाटोळं आणि बाकी घरादाराचा फायदा. काम बिघडवायला निघालेला माणूस जाता जाता घर सुधारून जात नाही.

मग काल संध्याकाळी त्या स्टुलावर नेमकं काय झालं होतं?

४

आत्याने लॅपटॉप काखोटीला मारला आणि जिना उतरू लागली. बाब्या मागून ओरडत आला, अगं पडेल, अगं माझी मुलाखत आहे. तिने लक्ष दिलं नाही.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. बाहेर गालांना हात लावून दोघे-तिघे बसले होते. डॉक्टर भला माणूस. एका पेशंटचं तोंड उघडं ठेवून त्यांनी आपला पासवर्ड सांगितला. बाब्याने टाकला आणि लॅपटॉप तत्क्षणी जोडला गेला.

म्हणजे लॅपटॉपही ठणठणीत होता. वर घरचं नेटवर्कही ठणठणीत होतं. दोघेही धडधाकट, पण एकमेकांना ओळख दाखवत नव्हते. असं आणखी एक जोडपं आत्याला वरच्या मजल्यावर ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाले, मुलाखत इथेच दे, माझी हरकत नाही. तेवढ्यात त्यांनी दात कोरायचं यंत्र सुरू केलं आणि बाब्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वरून हेच नेटवर्क पकडावं तर जेमतेम एक रेघ. बाब्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची वेळ टळून गेली होती.

ते निघणार इतक्यात डॉक्टर यंत्र थांबवून म्हणाले, "कमाल आहे तुमच्या घरची. काल संध्याकाळी सूनबाईही हाच विषय घेऊन आल्या होत्या. आमचा राउटर कुठल्या चॅनलवर आहे, विचारत होत्या. मी म्हटलं, मला दात विचारा."

बाब्याने आत्याकडे असं पाहिलं, की बघ, मी म्हणत नव्हतो? आणि तो लॅपटॉप उचलून दाणदाण पायऱ्या चढू लागला.

५

आत्याने त्याला जिन्यातच गाठलं, खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. मग ती सूनबाईकडे गेली.

सूनबाई खिडकीत उभी होती. पलंगावर बॅग, भरलेली, चेन लावलेली. ती कानांच्या दवाखान्यात ऐकू येण्याच्या तपासण्या करायची. दिवसभर लोकांच्या कानांत बारीक बारीक सूर सोडायचे आणि विचारायचं, आला का ऐकू? स्वभावाने मितभाषी. आज डोळे सुजलेले होते, पण रडून झालं होतं.

आत्याने बॅगेचा विषयच काढला नाही. आज दवाखान्यात नाही का गेलीस, असं विचारलं. सूनबाई म्हणाली, मुलाखत होती ना, म्हणून आधीच सुट्टी टाकली होती. आत्याने ते मनाशी ठेवलं. मग तिला बोलतं करायला विचारलं, कालचा दिवस कसा होता?

काल एक गृहस्थ आले होते, ती सांगू लागली. बायको ओढूनच घेऊन आली होती. यांना गाड्यांचे भोंगे ऐकू येतात, मित्रांचे फोन ऐकू येतात, एकट्या माझ्या बोलण्याकडेच लक्ष देत नाहीत, अशी तिची तक्रार. मुद्दाम करतात, म्हणाली. तपासणी केली तर बिचाऱ्याच्या कानाची वरची पट्टीच गेलेली. बायकोचा आवाज नेमका त्या पट्टीतला.

"बहिरं नसतं हो माणूस, आत्या. फक्त तेवढ्याच पट्टीतलं येत नाही. आणि घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतो."

आत्या ताडकन उठली. मग पुन्हा बसली. सकाळपासून डोक्यात भुणभुणणारी माशी एकदम शांत झाली. तिने सूनबाईचा हात हातात घेतला आणि विचारलं, काल राउटरमध्ये बदल कोणी केला?

सूनबाईने हात सोडवून घेतला नाही. "मी," ती म्हणाली. "तो म्हणतो ते खरं आहे. मीच केलं."

६

आत्याने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. दादांच्या हातातला फोन काढून घेतला. बाब्या लॅपटॉप मांडीवर घेऊन दाराशी, सूनबाई त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत. उभी एकटी आत्या, आणि ती कपाटापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होती.

तिने एकेक करून मांडलं. नेटवर्क लपवलेलं नाही, कारण माझ्या नव्या फोनला दिसलं. लॅपटॉप ब्लॉक केलेला नाही, कारण मग नाव तरी दिसलं असतं. तो बिघडलेलाही नाही, खाली डॉक्टरांकडे उडी मारून जोडला गेला. वहिनीचं फडकं निर्दोष आहे. आणि काल संध्याकाळपासून दादांचा खेळ अडकत नाही, टीव्ही अडकत नाही. म्हणजे काल कोणीतरी राउटरमध्ये बदल केला आणि तो चांगला केला. काय बदल, ते सूनबाई सांगेल.

सूनबाईने जमिनीकडे बघत सांगितलं. मागच्या महिन्यात बाब्याची इथल्याच एका कंपनीत मुलाखत झाली होती, त्यात त्याचं चित्र सारखं गोठत होतं आणि ती नोकरी गेली. तेव्हाच तिने शोधून काढलं की रेडिओच्या स्टेशनांसारखे राउटरचेही चॅनल असतात, आजूबाजूचे सगळे राउटर त्यातल्या दोन-तीन चॅनलवर दाटीवाटीने बसलेत आणि आपलाही त्यातच आहे. आपला जुना, त्याला नव्या राउटरसारखा दुसरा, कमी गर्दीचा पट्टाच नाही. काल ती फोनवर प्रत्येक खोलीतली गर्दी मोजत फिरली. तेरावा चॅनल अगदी रिकामा होता, शेजारीही कोणी नाही. तिने राउटर तिथे नेला. सगळ्यांचे फोन तपासले, टीव्ही तपासला. बाब्याचा लॅपटॉप तेवढा बंद होता.

"मग सकाळी बोलली का नाहीस?" वहिनीने विचारलं.

"याने काय झालं असं विचारलंच नाही, आई. तूच केलंस ना, एवढंच म्हणाला. हात तर मी लावला होता. आणि आदल्या रात्री जाऊ नकोस म्हणणारी बाई मदत करायला गेली होती, हे कोणी मानलं असतं?"

बाब्याचा चेहरा उतरला होता, पण तो इंजिनिअर होता आणि एक काटा त्याला सलत होता. तो म्हणाला, चॅनल बदलला म्हणून काय झालं, लॅपटॉप सगळे चॅनल ऐकतो, आपोआप शोधतो.

"सगळे?" आत्या थांबली. "कुठले ऐकायचे आणि कुठले नाही, हे ठरवतं कोण?"

"ठरवतं कोण म्हणजे... प्रत्येक देशाचा नियम असतो. इथे तेरा चॅनल चालतात. तिकडे अकरा. लॅपटॉपला सांगावं लागतं आपण कुठल्या..." बाब्याचं वाक्य तिथेच राहिलं.

आत्याने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे अजून रात्रच चालली होती.

बाब्याने काळ्या खिडकीत एक ओळ टाकली. उत्तरात देशाची दोन अक्षरं आली. तिकडची. पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हौसेने लिनक्स बसवलं, तेव्हा त्यानेच स्वतःच्या हाताने लिहिलेली. तो इकडे आला, लॅपटॉप इकडे आला, अक्षरं मात्र त्याने कधी बदलली नाहीत. बदलली असती तर आपण कायमचे परत आलो असं झालं असतं. इतके दिवस ते कोणाच्या आड आलं नाही, कारण घरचं नेटवर्क अकराच्या आतच होतं. काल बायकोने त्याच्यासाठी शांत जागा शोधली, आणि ती नेमकी त्याला ऐकू न येणाऱ्या पट्टीत.

७

वेळ फारच थोडा उरला होता. सूनबाई उठली, स्टूल ओढू लागली. म्हणाली, मी परत होतं तिथे नेते, लगेच दिसेल.

सोपा मार्ग तोच होता. बाब्या हो म्हणाला असता तर मुलाखत झाली असती, लॅपटॉप तिकडचा तिकडेच राहिला असता, आणि ती पोरगी राउटर जागेवर ठेवून, बॅग उचलून निघाली असती. तिने पुतण्याकडे पाहिलं. तोंडाने काही बोलायची तिची छाती झाली नाही, आणि हे तिच्या बाबतीत क्वचितच घडायचं.

"नको," बाब्या म्हणाला. "तू नको हलवूस. तू केलंस ते बरोबर आहे."

त्याने तिकडची दोन अक्षरं खोडली आणि इथली लिहिली. मग यादी पुन्हा उघडली. डॉक्टरांचं, वरच्यांचं, समोरच्यांचं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर, सगळ्या रेघा भरून, घरचं. वहिनीने कपाळाला हात लावला आणि हसली. दादांनी हळूच आपला फोन परत घेतला.

बाब्या उठून बायकोपाशी गेला. काय बोलला ते आत्याला ऐकू आलं नाही, फार थोडं बोलला असावा. सूनबाईने मान हलवली नाही, ती हसलीही नाही. ती आपल्या खोलीत गेली आणि दार अर्धवट उघडं राहिलं.

तीन वाजता मुलाखत सुरू झाली. आत्या दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळात फेऱ्या घालत होती. या दारातून बॅग दिसत होती आणि त्या दारातून बाब्याचा आवाज येत होता. आवाज एकदाही तुटला नाही. काम करून दाखवून झालं, मंडळी खूश झाल्याचं त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं, आणि शेवटी कोणीतरी विचारलं, तुम्ही कधीपर्यंत येऊ शकाल?

आत्याच्या फेऱ्या थांबल्या.

"ते मी आज सांगू शकत नाही," तो त्यांच्या भाषेत म्हणाला. "माझ्या बायकोला मी अजून विचारलेलंच नाही. आधी तिला विचारतो."

शब्द हळू होते, पण पलीकडच्या खोलीत बसलेल्या बाईचे कान आयुष्यभर बारीक सुरांवर तयार झालेले होते. आत्याने दारातून पाहिलं. सूनबाईने बॅग जवळ ओढली आणि मांडीवर घेतली. मग तिने चेन उघडली आणि कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली.

आत्या हॉलमध्ये गेली आणि खुर्चीत बसली. वहिनीने चहा आणून दिला तो तिने बसल्या जागी संपवला.